अर्चना, आपलं पान अजून पहिलंच

अर्चे,

परवा दुपारी भोपाळहून एका बाईचा फोन आला. इंटरनेटवरच्या आपल्या पानावर अजून तुझाच नंबर आहे आणि तुझा मोबाईल आता माझ्याकडे असतो. तुझ्या नवऱ्याने, सुभाषभाऊंनी, स्वतः तांड्यावर येऊन तो माझ्या हातात दिला. म्हणाले, "जमनाताई, हा वाजला की मले उचलवत नाई. लोकं तिलेच मांगते."

बाई म्हणाली, "अर्चनाजी से बात करा दीजिए."

मी म्हटलं, "वो नहीं हैं."

"कब आएँगी?"

हिंदी मला येते, पण या प्रश्नाचं उत्तर मला मराठीतही येईना. शेवटी सांगितलं, तू गेलीस. मग ती बाई रडायला लागली. तिची तुझी ओळख फक्त फोनवरची, गेल्या वर्षीची. नाचाच्या क्लाससाठी आरसे भरलेल्या चोळ्या, आपल्या काचळ्या, हव्या म्हणून तिने चौकशी केली होती आणि तू तिच्याशी तिच्या सासूच्या मोडलेल्या खुब्याबद्दल बोलत बसली होतीस. नंतर दोनदा तू सासूबाईंची तब्येत विचारायला आपणहून फोन केलास म्हणे. मला तू हे कधी सांगितलं नव्हतंस. रडून झाल्यावर तिने बारा काचळ्यांची ऑर्डर दिली आणि म्हणाली, "उन्होंने कहा था, काम जमना का है, मैं तो सिर्फ रास्ता बताती हूँ."

म्हणून आज लिहायला बसले. तेराव्याला सगळे म्हणत होते, अर्चना बोलायला फार गोड होती. मला ते पटलं नाही. गोड बोलणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. तू गोड कुठे होतीस? बँकेतल्या साहेबाला तू सगळ्यांदेखत सुनावलं होतंस. तुझी गंमत वेगळी होती. कोणी काही सांगितलं की तू त्यावर दुसरा प्रश्न विचारायचीस. "गुडघा दुखते," असं कोणी म्हटलं की लोक "अरेरे" म्हणून मोकळे होतात. तू विचारायचीस, "चढताना दुखते का उतरताना?" तिथेच माणूस तुझा होऊन जायचा.

दारव्ह्याच्या शिवणक्लासमध्ये मीही अशीच तुझी झाले. तू बोरी अरबहून यायचीस, मी तांड्यावरून. मी कोणाशीच बोलत नव्हते. शाळेत असताना 'लमाणीन, लमाणीन' म्हणून एवढं चिडवलं होतं पोरींनी, की वर्गात गेलं की मागचा कोपरा धरायचा, ही सवयच लागली होती. तुझं शिवणकाम इतकं वाईट होतं की पहिल्या कुर्त्याला तू दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्यास. मॅडम ओरडल्या. तू कुर्ता घेऊन सरळ माझ्या कोपऱ्यात आलीस आणि म्हणालीस, "उसवून दे वं."

मी उसवत होते आणि तू माझ्या पिशवीकडे पाहत होतीस. पिशवी याडीने भरलेली होती, लाल कापडावर कवड्या आणि आरसे.

"हे कोनं केलं?"

"याडीनं. माझ्या आईनं."

"एक आरसा बसवाले किती टाके लागते?"

मला तोवर हे कोणीच विचारलं नव्हतं. 'किती छान' म्हणणारे होते, 'कितीला देता' म्हणणारे होते. टाके मोजायला सांगणारी तू पहिली.

क्लास संपला तेव्हा तू मॅडमना सांगून टाकलंस, "म्या काई शिवणार नाई. हे लोकं शिवतीन, अन् म्या लोकाईले सांगीन."

आम्ही हसलो होतो. तू मात्र तसंच केलंस. लग्नानंतर बोरी अरबच्या बाजाररस्त्यावर तू ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलंस. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, दिवसभर रांग असायची. आणि त्या रांगेतूनच तू ते शिकलीस. लोक मोबाईलवर काही शोधताना नेमकं काय टाइप करतात, हे तू त्यांच्या खांद्यावरून पाहायचीस. फॉर्म भरायला आलेल्या प्रत्येकाला विचारायचीस, "काका, तुमाले बांबूचा दिवा घ्यायचा असला, त काय लिहून शोधसान?" काका बिचारे आधारकार्ड हातात धरून विचारात पडायचे. एकाने सांगितलं होतं, "बासाची बत्ती." तू तेही वहीत लिहून घेतलंस.

बांबूचा दिवा म्हणजे मुकुटबनचे भीमराव. मामेबहिणीच्या लग्नाला गेली होतीस आणि मांडवात टांगलेले दिवे पाहून नवरीला सोडून कारागिराचं घर शोधायला निघालीस. भीमराव कोलाम समाजाचे, बोलणं अगदीच कमी. तू त्यांच्या अंगणात दिवसभर बसलीस, बांबूच्या पट्ट्या कापू लागलीस, बोट कापून घेतलंस. संध्याकाळी ते चार वाक्यं बोलले. त्या चार वाक्यांवर तू त्यांचं पान केलंस आणि 'बासाची बत्ती' त्यात न विसरता घातलंस. भीमरावांचे दिवे आता नागपूरच्या दोन हॉटेलांत लटकतात. तेराव्याला ते तीन बस बदलून आले होते. एक दिवा आणला होता.

माझं पान मात्र सहज झालं नाही. तू ते बनवायला बसलीस आणि आपलं भांडण झालं. ते भांडण खरं सांगायचं तर अजून मिटलेलं नाही.

तू वही उघडून वाचून दाखवलंस, "लोकं पाह्य काय काय टाकते. बंजारा ड्रेस. लमाणी काम. लंबाडी ब्लाऊज. हे सारे शब्द पानावर पाह्यजे."

मी म्हटलं, "गोर लिही, आमी सोताले तेच म्हणतो. फार तर बंजारा लिही. बाकीचे नाई."

"काहून?"

"काहून म्हणजे? त्या नावानं मले शाळेत चिडवलं हाय."

"माहीत हाय मले. पन जमने, हे हैदराबादकडची बाई टाइप करते. ती तुले चिडवून नाई राह्यली. ती तुलेच शोधून राह्यली, फक्त तिले तुह्यं नाव माहीत नाई."

"मंग शिकू दे तिले."

"शिकन. पन आधी दारापर्यंत त येऊ दे!"

दुकानात रांग उभी होती. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "तुह्या जातीले कोनी चिडवलं नाई, म्हणून तुले समजत नाई." तुझा चेहरा उतरला. तू वही मिटलीस आणि पुढच्या माणसाला म्हणालीस, "या भाऊ, दाखला ना?" मी निघून आले. पान तू मी सांगितलं तसंच केलंस, दोनच नावांचं. ते कोणाला सापडायचं नाही. तीन महिने आपण बोललो नाही. बोरी अरबच्या बाजारात जायची वेळ आली तरी मी तुझा रस्ता टाळून भाजी घ्यायचे.

मग एका सकाळी तू तांड्यावर आलीस. पायी, फाट्यापासून. मला वाटलं, भांडायला आली असेल. तू पाणी मागितलंस, पिऊन झाल्यावर मोबाईल पुढे केलास. दूरच्या कुठल्या शहरातल्या दुकानाचं पान होतं. वर मोठ्या अक्षरात 'अस्सल लंबाडी कला'. खाली फोटो. तो आपला फोटो होता, अर्चे. याडी ओट्यावर बसून फेटियाची, म्हणजे आमच्या घागऱ्याची, किनार भरते आहे, तूच काढलेला. तिचा चेहरा कापला होता आणि नुसते हात ठेवले होते. त्या नावाने शोधलं की ते पान सगळ्यांत वर येत होतं. आपलं कुठेच नव्हतं.

'मी म्हटलं होतं ना' एवढे चार शब्द तुझ्या तोंडातून येतील म्हणून मी वाट पाहत होते. ते आले नाहीत. तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही. याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही, आज बोलते. त्या दिवशी तू गप्प राहिलीस, त्यामुळे मी तुझी आहे.

याडीला वाचता येत नाही. तिने मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि म्हणाली, "ई मारो हात छ." हा माझा हात आहे. मनगटावर तिचं नाव गोंदलेलं, सोनीबाई. हिरव्या अक्षरांत, जरा पसरलेलं, पण फोटोत स्पष्ट दिसत होतं. त्या दुकानदाराने चेहरा कापला, पण मनगटाकडे त्याचं लक्ष गेलंच नाही.

मला वाटलं, पोलिसांत जाऊ, वकील करू. तू म्हणालीस, "ते बी करू. पन आधी आपलं पान त्याच्या वर नेऊ."

आणि तू ओट्यावर मांडी घालून याडीला विचारलंस, "याडी, तुमाले लोकं इतक्या नावानं कायले बलावते?"

मी मध्ये बोलणार होते. याडीने हातानेच मला थांबवलं. तिने सांगितलं, तिच्या आजोबांच्या आधीची माणसं बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखातून फिरायची. ज्या गावात जायची, ते गाव आपल्या बोलीत हाक मारायचं. कुठे लमाण, कुठे लंबाडी, कुठे बंजारा. "आम्ही ओ द्यायचो," याडी म्हणाली, "अन् घरात आलो की गोर." ती गोरबोलीत बोलत होती, मी तुला मराठीत सांगत होते. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की हे मी आयुष्यात कधी तिला विचारलंच नव्हतं. मला ते शब्द शाळेतल्या पोरींच्या तोंडून मिळाले होते. याडीला ते गावोगावच्या हाकांमधून मिळाले होते.

ती सगळी नावं टाकायला मी तयार झाले, पण एक अट घातली. पानावर पहिला शब्द गोर असेल आणि शेवटचाही. तू म्हणालीस, "शेवटचा कायले? खालपर्यंत कोनी वाचत नाई." मी म्हटलं, "जो वाचन त्याच्यासाठी." यावर आपण पुन्हा अर्धा तास भांडलो. अट मी सोडली नाही.

ते पान आपण अकरा दिवस लिहिलं. तांड्यातल्या नऊ जणींची नावं, प्रत्येकीचे हात, प्रत्येकीने कोणाकडून शिकलं ते. तू प्रत्येकीला दुसरा प्रश्न विचारलास, तिसराही. धुरपताबाई इतकी वर्षं माझ्या शेजारी राहते, तिचा आरशाचा टाका उलट्या हाताचा का आहे, हे मला तुझ्यामुळे कळलं. लहानपणी उजवा हात भाजला होता तिचा. यवतमाळच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापिकेकडून तू त्याचं हिंदी आणि इंग्रजी करून घेतलंस. त्यांच्या मुलीचा अडलेला शिष्यवृत्तीचा फॉर्म तूच कधीतरी सोडवून दिला होतास.

मग तुझे फोन सुरू झाले. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला सांगितलंस, नवरीच्या फोटोखाली चोळी कोणी भरली तेही लिही आणि आपल्या पानाचा दुवा, म्हणजे लिंक, दे. कपड्यांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंना फोन लावलास. त्या म्हणाल्या, मी बाजारातल्या लोकांचे दुवे देत नाही. तू त्यांना याडीशी बोलायला लावलंस. त्या आठवड्यात त्यांच्या लेखात निळ्या अक्षरांत आपलं नाव होतं. तू मला समजावलंस, "दहा मान्सं एकाच घराकडं बोट दाखवू लागले, का अकरावा बी तिकडंच पाहते. इतकंच हाय हे सारं, जमने. पन बोटं खरे पाह्यजे." म्हणूनच मी एकदा भाच्याच्या मोबाईलवरून आपल्याच कामाची तारीफ लिहिली, तेव्हा तू मला ती पुसायला लावलीस. केवढी चिडली होतीस! "एक खोटं सापडलं, का साऱ्या खऱ्याईवर पाणी," म्हणालीस.

शोधयादीत आपलं नाव तिसऱ्या पानावरून पहिल्या पानावर आलं. मग सातवं झालं, चौथं झालं, दुसरं झालं. पहिलं तेच होतं, दुकानदाराचं. तिथे गाडं अडलं.

तेव्हा तू त्यालाच फोन लावलास. माझ्यासमोर, स्पीकरवर. मला वाटलं, आता याला धुणार. तू विचारलंस, धंदा कसा आहे. तो म्हणाला, ठीक आहे. तू विचारलंस, ठीक म्हणजे माल कमी मिळतो की गिऱ्हाईक? तो बोलत सुटला. माल मिळत नाही, मशीनचं काम लोक परत करतात, बापाचं दुकान आहे, बंद करता येत नाही. तू सगळं ऐकून घेतलंस. मग एकदम सहज म्हणालीस, "भैया, आपके पेज पर जो हाथ है ना, उसकी कलाई पढ़िए ज़रा."

तो थांबला. पाहत असणार.

"सोनीबाई," त्याने वाचलं.

"वो मेरे सामने बैठी हैं. बात करेंगे?"

याडीने फोन घेतला आणि गोरबोलीत सांगितलं, बाबा, हात माझा आहे, तोंडही माझंच लाव. त्याला शब्द कळले नसतील, आवाज कळला असावा. तो म्हणाला, "माँजी, माफ कीजिए."

तिसऱ्या दिवशी त्याने सगळे फोटो काढून टाकले. आणि ज्याची मी कल्पनाही केली नव्हती ते केलं. त्या जागी लिहिलं, हे काम ज्यांचं आहे त्यांचं पान इथे आहे, आणि खाली आपला दुवा. अर्चे, ज्याने आपल्याला झाकलं होतं, त्याचंच बोट आपल्या घराकडे वळलं. त्याच आठवड्यात आपण पहिले झालो. लमाणी टाका, लंबाडी टाका, बंजारा टाका, चुकीचं स्पेलिंग टाका, सगळीकडून पहिला शब्द येतो तो गोर.

तू फाट्यापासून ओरडत आली होतीस. तांड्यात त्या दिवशी हलगी वाजली. धुरपताबाईने तुला आपला फेटिया नेसवला आणि तू नाचलीस. दोन्ही पाय डावे असल्यासारखी! याडी हसून हसून खाली बसली. तेवढी हसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. आज नऊच्या एकतीस जणी झाल्या आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या दोघी आता जात नाहीत. माझी मुलगी वर्गात उभी राहून सांगते, आम्ही गोर, तुम्ही शोधून पाहा.

तुझ्या आजाराबद्दल मी फार लिहिणार नाही. पाच आठवडे फार कमी असतात, इतकंच. नागपूरला दवाखान्यात भेटायला आले, तेव्हा तू अर्धी झाली होतीस आणि तुझ्या खाटेशी उभी असलेली नर्स तुला मोबाईलवर चित्रं दाखवत होती. तिचा भाऊ भिंतींवर चित्रं काढतो म्हणे. तू मला पाहून म्हणालीस, "बरं झालं आली. हिच्या भावाचं पान पाह्य, नावच नाई टाकलं पोट्ट्यानं!" मी रडायला आले होते आणि तू मला काम सांगत होतीस.

निघताना मी म्हणणार होते की नावांच्या बाबतीत तू बरोबर होतीस. म्हटलं, पुढच्या वेळी म्हणेन. तू तरी म्हणालीस का, की शेवटच्या शब्दाबद्दल मी बरोबर होते? त्या कपड्यांच्या अभ्यासक बाईंनी मला सांगितलं होतं, त्यांनी पान खालपर्यंत वाचलं आणि शेवटच्या शब्दावर थांबून पुन्हा वरून वाचायला घेतलं. हे तुला सांगायचं राहिलं. मुद्दाम राखून ठेवलं होतं, पुढच्या भांडणासाठी.

तुझ्या मोबाईलमध्ये एक अर्धं पान सापडलं. नेरचे गजाननभाऊ, सुतार. लहान मुलांच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करतात. तू फोटो चढवले होते, शब्द निवडून ठेवले होते आणि एकच ओळ लिहिली होती. गेल्या आठवड्यात मी नेरला गेले. एकटी, अनोळखी माणसाकडे. त्यांच्या कारखान्यात लाकडाच्या भुशात बसले. ते म्हणाले, "बैलाचं वशिंड कोरनं सगळ्यात कठीण हाय." माझ्या तोंडून आपोआप निघालं, "भाऊ, उजव्या बैलाचं कठीण का डाव्या?" त्यांनी रंधा बाजूला ठेवला. दोन तास बोलले. बैलजोडीत डावा बैल थोडा वेगळा असतो, हे मला कुठे माहीत होतं!

तुझ्या शब्दांत पहिला होता 'खेळणी'. सगळ्यांत जास्त लोक तेच शोधतात, तुझ्या वहीतही तसं लिहिलंय. मी तो शब्द वाचून दाखवला तर गजाननभाऊ दुखावले. "ताई, पोट्टे याची पूजा करते. हे खेळनं नाई." मी घरी आले, विचार केला आणि तो शब्द खोडला. तुझी माफी मागितली नाही. त्याच्या जागी पूजा लिहिली, जोडी लिहिली, वशिंड लिहिलं. मग फोनला बसले. फोटोवाल्याला, प्राध्यापिकाबाईंना, भीमरावांच्या हॉटेलवाल्याला. कोणी नाही म्हटलं नाही. तुझं नाव काढलं की विचारत होते, काय करायचं सांगा.

आज सकाळी गजाननभाऊंचा फोन आला. इंदूरहून कोणी चाळीस जोड्या मागितल्या आहेत. मी तुझ्याच मोबाईलवर शोधून पाहिलं. लाकडी बैल. त्यांचं पान पहिलं आलं, अर्चे, तुझ्या शब्दाशिवाय.

आता ये आणि भांड.

तुझी,
जमना